आक्काचा आवाज मधेच का तुटतो

"अगं ए नवी, हात लाव की खुंट्याला! हळद काय आपणहून दळून घेणार हाय?"

हेमलताने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा आवाजाची मालकीण तिला दिसलीच नव्हती. नणंदेच्या लग्नाचा घाणा भरायचा होता, मांडवात बायकांची दाटी होती, आणि महिन्याभरापूर्वी मिरजेहून या घरात आलेल्या हेमलताचा पदर नाकापर्यंत उतरला होता. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला होता तिचा, पण जात्याला तिने जन्मात हात लावला नव्हता. तिने चाचपडत खुंटा धरला. लगेच तिच्या हातावर दुसरा हात आला, उबदार, हळदीने माखलेला. आणि तोच आवाज गाऊ लागला:

हळदीच्या मांडवात, जाऊ माझी नवी आली,
जात्याच्या खुंट्याला गं, दोन हातांची साथ झाली.

तो आवाज उंच नव्हता, गोडही नव्हता. त्याला भाजलेल्या शेंगदाण्यासारखा एक खरपूस वास होता, असं हेमलताला वाटलं. आवाजाला वास असतो हे तिला त्या दिवशी कळलं. ती थोरली जाऊ, वैजयंता. सगळ्या गल्लीची आक्का. इचलकरंजीत कुणाच्याही घरी घाणा भरायचा असला की तिला बोलावणं यायचं.

आता दोघींचे नवरे गेले होते, दोघींचे केस पांढरे झाले होते, गल्लीतले माग जाऊन त्यांच्या जागी न खडखडणारे नवे माग आले होते, आणि प्रत्येक गच्चीवर सूर्याची तावदानं चढली होती. आक्काचा आवाज मधल्या खोलीतल्या टेबलाखालच्या काळ्या पेटीतून यायचा. आणि वाक्याच्या मधोमध तुटायचा.

"चौगुलेवहिनी, खरं सांगू का, ह्या साडीत तुमी—"

टुक.

पेटीचे पंखे थांबले, हिरवा दिवा विझला. क्षणभराने दिवा पुन्हा लागला, पंखे घरघरले. पण आक्काला पुन्हा आवाज यायला बराच वेळ लागणार होता. शेजारच्या चौगुलेवहिनी नव्या साडीचा पदर पसरून तशाच उभ्या होत्या.

"काय म्हणत होत्या आक्का?"

"खुलून दिसता म्हणत होत्या," हेमलता म्हणाली.

बोटाने कळ दाबून चालवायच्या चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आक्काच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. तिचा चेहरा फारसा हलायचा नाही, पण डोळ्यांनी ती अख्खी गल्ली हसवू शकायची.

झालं होतं असं. दीड वर्षापूर्वी आक्काच्या मेंदूच्या देठाशी रक्ताची एक गाठ अडकली. जीव वाचला, समज शाबूत राहिली, शब्द सगळे जागच्या जागी राहिले. फक्त शब्दांपासून जिभेपर्यंत जाणारा रस्ता खचला. उजव्या हाताची बोटं हलायची, पण पाटीवर एक अक्षर काढताना घामाघूम व्हायची. मान थोडी हलायची. बाकी आक्का आतल्या आत भरून राहिली होती, झाकण न निघणाऱ्या बरणीसारखी.

अशा माणसांसाठी तोवर एक नवी सोय निघाली होती. आपण बोलायच्या आधी मेंदू जिभेला, ओठांना, जबड्याला हुकूम सोडतो. हुकूम म्हणजे विजेची बारीकशी लहर. आणि जिथे वीज वाहते तिथे तिच्याभोवती चुंबकत्वाची सावली पडते. ही सावली पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी फिकी. पूर्वी ती टिपायला खोलीभर यंत्र आणि बर्फाहून कितीतरी थंड वायू लागायचा. आता मसुराच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुप्या निघाल्या होत्या. त्यांत धातूची वाफ भरलेली, वाफेतून लेझरचा किरण गेलेला. सावली पडली की किरण थरथरायचा. अशा कुप्या हेमलताने एका जुन्या इरकलीच्या काठाला आतून शिवल्या होत्या आणि त्याची टोपी केली होती. आक्का तिला टोपडं म्हणायची.

टोपडं नुसतं ऐकायचं. अर्थ लावायचा तो पेटीने. पुसट लहरींवरून आक्काला काय म्हणायचं असेल याची वाक्यं पेटी जुळवायची, प्रत्येकाला वजन द्यायची, आणि एखादं वाक्य बाकीच्यांपेक्षा पुरेसं जड झालं की ते आक्काच्या आवाजात बोलायची. तो आवाज हेमलताने लग्नाघरच्या जुन्या ध्वनिफितींतून वेचला होता, तांदळातून खडे वेचावेत तसा. फरक एवढाच की इथे खडे ठेवायचे होते.

अशी यंत्रं एक कंपनी भाड्यानेही द्यायची. सगळं काम दूरच्या कुठल्यातरी इमारतीत चालायचं. आक्का इस्पितळात असताना तिचा मुलगा विश्वजित याने बंगळुरूहून ते मागवलं होतं. ते कधी अडायचं नाही, पण आक्काला धुऊन-पुसून बोलायला लावायचं. आक्का मनात म्हणायची, "नगं मला." यंत्र म्हणायचं, "धन्यवाद, मला आत्ता नको आहे." परीट घडीतली ती भाषा ऐकून आक्काचे डोळे विस्फारायचे.

त्याच यंत्राशेजारी बसून विश्वजितने विचारलं होतं, "आई, बरं वाटलं की बंगळुरूला येशील ना माझ्याकडे?"

"हो, येईन," यंत्र म्हणालं होतं. "मला तिथे आवडेल."

दाराशी उभ्या असलेल्या हेमलताने ते ऐकलं. छान झालं, असं ती मोठ्याने म्हणाली. मग भांडी विसळायला गेली आणि विसळलेलीच भांडी पुन्हा विसळत बसली.

विश्वजितच्या नव्या घराचं काम चालू होतं. तोवर आक्का हेमलताकडे राहणार होती, आणि तेवढ्या काळासाठी हेमलताने ही पेटी बांधली. निम्मं आयुष्य ती गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लास चालवत होती. पेट्या उघडणं-बांधणं तिला भाकरी थापण्याइतकं सवयीचं. सुटे भाग जुन्या बाजारातून आणले, आकडेमोडीचं मोठं कार्ड बंद पडलेल्या एका स्टुडिओतून. तिने एक नियम मात्र स्वतःचा घातला. वाक्य पुरेसं जड झाल्याशिवाय पेटीने तोंड उघडायचं नाही. आक्का गप्प असेल तर पेटी गप्प.

आणि ज्या दिवशी पेटीतून पहिल्यांदा आवाज आला, "हेमे, पंखा बारीक कर, गार वाजालंय," त्या दिवशी हेमलताने पंखा बारीक करायच्या आधी डोळे पुसले.

मग हे पडणं सुरू झालं. कधी दिवसभर काही नाही. कधी दोन वाक्यांमागे एकदा. हेमलताला वाटलं, चालायचंच, काढू दुरुस्त करून.

पण उन्हाळ्याच्या एका दुपारी ती गच्चीवर कुरडया घालत होती आणि खाली आक्काच्या खुर्चीचं पुढचं चाक परसदाराच्या उंबऱ्यावरून घसरलं. खुर्ची कलली. पेटीचा आवाज लांबवर जावा म्हणून खुर्चीला लावलेल्या छोट्या कर्ण्यातून हेमलताला फक्त "हे—" एवढंच ऐकू आलं. तिला वाटलं, रस्त्यावर कुणीतरी हाक मारतंय. कुरडयांचा घाणा संपवून ती खाली आली तेव्हा आक्का भिंतीला खांदा टेकवून, तिरकी, घामाने भिजलेली होती. लागलं काही नव्हतं. हेमलताने खुर्ची सरळ केली आणि पदराने तिचं कपाळ पुसलं.

तिने ते विश्वजितपासून लपवलं नाही. तो फोनवर म्हणाला, "काकी, माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही जे केलंत ते मी पोटचा असून केलं नसतं. पण हाक मारताना तुटणारा आवाज काय कामाचा? घर तयार आहे. या रविवारी मी येतो आणि आईला घेऊन जातो. ती हो म्हणालेलीच आहे."

"हो," हेमलता म्हणाली. "म्हणालेलीच आहे."

फोन ठेवल्यावर ती पेटीसमोर फतकल मारून बसली. आक्का जाणार असेल तर जाईल. पण रविवारी विशूने विचारलं तर आक्काने पुऱ्या वाक्यात सांगितलं पाहिजे. तिच्या तोंडचं "हो" एकदा ऐकलं पाहिजे. त्यापुढचं जे मनात येत होतं ते हेमलताने मनातसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

तिने पेटीची कड, म्हणजे बाजूचा पत्रा, उघडली. आधी धूळ उडवली. रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवल्या. स्मरणाची चाचणी रात्रभर लावून ठेवली. सकाळी पडद्यावर एकही चूक नव्हती. गरम होत असेल म्हणून तापमान पाहिलं, तर पेटी आक्काच्या कपाळापेक्षा जरा गरम, एवढंच. वीज वरखाली होत असेल म्हणून पेटी भिंतीवरच्या बॅटरीवर घेतली. अर्थिंगची तार तपासली. पेटी तरी पडतच होती. संगणकाच्या नोंदीत प्रत्येक वेळी तेच ते कोरडं वाक्य: वीज अचानक गेली. का गेली, कुठे गेली, याचा पत्ता नाही.

तिने मुल्लाला फोन लावला. तो तिच्या क्लासच्या पहिल्या तुकडीतला. आता त्याचीच दाढी पिकली होती आणि स्टँडजवळ सुट्या भागांचं दुकान होतं.

"मॅडम, एवढा डोक्याला ताप कशाला? सरळ सगळी मशीन बदला."

"तू परीक्षेतही असंच करायचास. उत्तर आलं नाही की पान उलटायचं."

"पास झालो की पण!"

"मी ढकलला म्हणून झालास. आता सांग, वीजपुरवठ्याची पेटी गेली असेल का?"

"असंल की. पण मग कामाच्या ओझ्याखाली पडंल बघा. पूर्ण ताकदीनं चालवून बघा तासभर."

तिने दुपारभर चालवली. पंखे चक्कीसारखे गरगरत होते, खोली तापली, आणि पेटी ढिम्म हलली नाही. तिने काम थांबवलं, पेटीला रिकामं बसवलं. तरी नाही. पळताना पडत नव्हती, बसल्यावर पडत नव्हती. मग आक्का बोलत असतानाच का?

"मला विचार की," पेटीतून आवाज आला. आक्का दारात खुर्ची घेऊन आली होती. "सारखी त्या डबड्याच्या पोटात तोंड घालून बसलीस. रोगी हितं हाय."

हेमलता वळली. खरंच की. चाचणीला लागणारी एकच वस्तू तिने अजून वापरली नव्हती.

"आक्का, आज तुम्हीच माझं मीटर. मी सांगते तसं बोलायचं."

पेटीवर किती ओझं येतंय याची रेघ पडद्यावर दिसायची सोय होती. पण त्या रेघेच्या शेजारीच दुसरी चौकट उघडायची. आक्काच्या मनातली सगळी वाक्यं तिथे उमटायची, बोलायची आणि न बोलायचीही, वजनांसकट. ही सोय करणाऱ्यांनी दुरुस्तीसाठीच केली होती. हेमलताने बटण दाबलं आणि चौकटीत अक्षरं सरकायला लागली, तशी तिने झटकन मान वळवली. ओचा सावरून उठली, स्वयंपाकघरातून भाकरीचं फडकं आणलं आणि पडद्याच्या त्या अर्ध्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवून टाकलं.

आक्का बघत होती. "काय गं ते?"

"पदर," हेमलता म्हणाली. "जे तुम्ही बोलला नाहीत ते तुमचं."

आक्काचे डोळे त्या फडक्यावर बराच वेळ राहिले.

"हं, आता जुनी ओवी म्हणा. येते ती."

आक्काने एकामागून एक ओव्या म्हटल्या. रेघ खाली, संथ. पाठ असलेलं बोलताना पेटीला काय कष्ट? पुढचा शब्द तिला आधीच ठाऊक.

"आता नवी रचा."

आक्काने डोळे मिटले. रेघ जरा वर गेली.

हेमाच्या गं पेटीमंदी, वारं फिरं गरागरा,
बोलाय मी जातो तर, झोप येते भराभरा.

हेमलता हसत सुटली. पेटी मात्र जागी राहिली.

"बरं, आता सांगा, आजची आमटी कशी झाली होती?"

रेघ ताडकन उभी राहिली. माडासारखी सरळ. आणि टुक.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पंखे पुन्हा घरघरले. पेटी जागी होईपर्यंत हेमलताच्या डोक्यात चौगुलेवहिनींची साडी फडफडली. विहीणबाईंनी पाठवलेल्या लाडवांबद्दल विचारलं होतं तेव्हाही पेटी पडली होती. भजनी मंडळाच्या बायका येऊन, आमचं गाणं कसं वाटलं म्हणाल्या होत्या तेव्हाही.

अडाणी माणसालाही समजेल इतकं ते सोपं होतं. मनात एकच गोष्ट असेल तर पेटीला वाट मोकळी. पण खरं सांगावं की गोड सांगावं अशा दोन गोष्टी सारख्याच जड झाल्या की प्रत्येकीतून शेकडो वाक्यांच्या पारंब्या फुटत, आणि त्या सगळ्या एकाच वेळी तोलायला मोठं कार्ड झोपेतून एकदम धावत सुटे. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेवढ्या निमिषात ते नेहमीच्या दुप्पट वीज ओढी. पुढे संथ होई, म्हणून तासभर पळवून काही सापडलं नव्हतं. धोका पळण्यात नव्हता. दचकून उठण्यात होता.

आणि ती वीज त्याला पोचत होती कशी? हेमलताने कार्डाकडे वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

कार्डाला विजेची दोन तोंडं होती. तिने दोन्हींना वीज दिली होती ती एकाच तारेची. शेवटाला दोन फाटे फुटलेली तार. तिला तारांचा पसारा आवडायचा नाही. क्लासमध्ये पोरांना ती बजावायची, तारा वेणीसारख्या बसल्या पाहिजेत, पेटी उघडली की भांग काढल्यासारखं दिसलं पाहिजे. एक तार कमी, तेवढी वेणी घट्ट. वीजपुरवठ्याच्या पेटीत मात्र प्रत्येक तारेला वेगळी मर्यादा होती. ती ओलांडली की जळू नये म्हणून पेटी सगळंच बंद करून टाके. दोघींचं ओझं एकटीच्या डोक्यावर. बिचारी हंडा टाकून देणार नाही तर काय?

"आक्का, माझ्या टापटिपीनं घात केला बघा."

"मला ठावं हुतं," पेटी जागी होऊन म्हणाली. "तुझ्या पोळ्यापण अशाच. गोल दिसत्यात, भाजलेल्या नसत्यात."

हेमलताने दुसरी तार शोधली, जाड, वाकडी, कशाही घडीत न बसणारी. दोन तोंडांना दोन तारा, दोन वेगळ्या खोबणीतून. पेटी आता विस्कटलेल्या अंबाड्यासारखी दिसत होती. तिने कड लावली, समोर बसली.

"आमटी कशी झाली होती?"

रेघ उभी राहिली. पंखे सुंसुं करत चढले. रेघ वरच राहिली, थरथरली, आणि हळूहळू उतरली.

"पांचट," आक्का म्हणाली. "कालचीबी. सासूबाई गेल्यापास्नं एकबी आमटी धड झाल्याली न्हाई ह्या घरात."

हेमलताला हसू आवरेना. आक्काचे खांदे हलत होते, घशातून एक घोगरा आवाज येत होता. तिच्या स्वतःच्या घशातून, पेटीतून नव्हे. हसायला दोघींनाही पेटी लागत नव्हती.

हसू ओसरल्यावर हेमलताने विचारलं, "मग त्या दिवशी, खुर्ची कलली तेव्हा? हाक मारायला काय विचार करायचा होता?"

पंखे चढले, उतरले.

"सकाळपास्नं चारदा जिना उतरली हुतीस माझ्यापायी. गुडघे धरून. म्हटलं, परत कशाला हाक मारू? मग म्हटलं, पडलो तर हिलाच निस्तरायला लागंल. त्या दोन्हीत अडकलो."

हेमलता उठली आणि काहीतरी करायचं म्हणून पडद्यावरचे चिमटे काढू लागली. मग आठवून आधी ती चौकट बंद केली, आणि नंतर फडकं काढलं.

रविवारी सकाळी विश्वजित आला. उंच, वाकून दारातून येणारा, आईसारख्याच डोळ्यांचा. येताना मागच्या सीटवर आईसाठी खास उशा बांधून आणल्या होत्या त्याने. चहा झाला. त्याने पेटीची चौकशी केली, कड काढून दोन तारा पाहिल्या, "वा, काकी," म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मग आईच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसला.

"आई, खोली तयार आहे. खिडकीतून चाफा दिसतो. तू हो म्हणालीच होतीस, पण पुन्हा विचारतो. येणार ना?"

पंखे चढले.

हेमलता ओट्याशी, पाठमोरी उभी होती. तिने गॅस बंद केला. पंखे सुंसुं करत राहिले. आक्का समोर बघत होती. मान हलली नाही, ना होकाराची ना नकाराची.

"पुन्हा अडकलं का हो, काकी?"

"नाही रे. चालू आहे. ती विचार करतेय."

"त्या यंत्रातून तर लगेच म्हणाली होती."

हेमलता हात पुसत बाहेर आली. आमटीच्या दिवसापासून ही गोष्ट तिच्या ओठांवर होती. "विशू, ते यंत्र कधी थांबतच नाही. मनात दोन गोष्टी सारख्या जड असल्या तरी त्यातली ऐकायला बरी वाटेल ती उचलतं आणि बोलून टाकतं. त्याला गप्प राहणं शिकवलेलंच नाही. तेव्हा तुझ्या आईनं काय ठरवलं होतं ते तिलाच ठाऊक. मलाही वाटलं होतं की ती हो म्हणाली."

विश्वजितचा चेहरा उतरला. तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला. "आई, म्हणजे ते तू म्हणाली नव्हतीस?"

"न्हाई रं, बाळा." हे लगेच आलं. "पर तुझं तोंड किती फुललं हुतं. मग खोडून काढवंना."

"मग आता सांग. मला राग येणार नाही, शप्पथ. तू नाही म्हणालीस तर मी दर महिन्याला येईन. तुझ्या मनात काय आहे तेवढं सांग."

पुन्हा पंखे. चढते, चढते, आणि वरच थांबलेले. आजवर अशा वेळी पेटी पडायची आणि सगळे सुटायचे. प्रश्न विरून जायचा, कुणीतरी चहा टाकायचं. आज पेटी पडत नव्हती. खोलीत ही जी शांतता होती ती पुरती माणसांची होती. ढकलायला यंत्र उरलं नव्हतं.

"आक्का, माझा विचार करू नका," हेमलता म्हणाली. "मी राहीन हो एकटी. सवय होते माणसाला. चौगुलेवहिनी आहेत, मुल्ला येतो-जातो."

पंख्यांचा आवाज उतरायच्या ऐवजी आणखी वर गेला.

आणि त्या आवाजात हेमलताला उमगलं. वाटण्या झाल्या तेव्हापासून हे घर धाकटीचं होतं. थोरलीने धाकटीच्या घरात स्वतःहून काही मागायचं नाही. पाणीसुद्धा "घेता का" म्हटल्यावर घ्यायचं, मुक्काम "राहा" म्हटल्यावर करायचा. सासूबाईंनी लावलेलं हे वळण आक्का आजारपणातही सोडत नव्हती. चमच्याने भरवलेला घाससुद्धा ती हेमलता "घ्या" म्हणाल्यावरच घ्यायची. एका पारड्यात लेकाचं "चल" होतं, उशा होत्या, चाफा होता. दुसऱ्या पारड्यात आक्काने आपला सगळा जीव टाकला होता, पण तिथे कुणी तिला बोलावलंच नव्हतं. दीड वर्षात हेमलताने टोपडं शिवलं, पेटी बांधली, फडकं बांधून तिच्या मनाची लाज राखली. आणि एक शब्द तेवढा बोलायचा ठेवला. आईला लेकापासून तोडणारी आपण कोण, म्हणून.

तिने विशूकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता. त्याने किंचित मान हलवली, बोला की, अशी.

हेमलता आक्कासमोर गुडघ्यांवर बसली. गुडघे करकरले. तिने आक्काचा उजवा हात हातात घेतला.

"आक्का, तुम्ही..." तिचा आवाज फाटला. "तू राहा गं. तुझी सोय म्हणून पेटी केली असं मी सगळ्यांना सांगते, ते खोटं आहे. तुझा आवाज नसला की हे घर मला खायला उठतं, म्हणून केली. विशूकडे जाऊन ये, महिनाभर राहून ये, पण परत इथेच ये. माझ्याजवळ. मला तू पाहिजेस."

पंखे खाली आले. एवढे खाली, की गल्लीतल्या मागांची मऊ कुजबुज ऐकू यायला लागली.

"मग तसं म्हण की, हेमे," आक्का म्हणाली. "कवाधरनं वाट बघालोय."